गळ्यातील गाठ आणि शंभर चिंचोके

विद्यार्थिमित्रांनो, हा लेख वाचायला बसण्यापूर्वी पेलाभर पाणी आणा आणि आरशासमोर उभे रहा. मान किंचित मागे करा, पाण्याचा एक घोट घ्या आणि तो गिळताना गळ्याकडे लक्ष द्या. कंठमणी वर सरकून पुन्हा खाली येतो, हे तुम्हाला दिसेल. त्याच्या थोडे खाली, श्वासनलिकेला बिलगून, आणखी एक अवयव त्याच वेळी वर-खाली होत असतो. तो निरोगी असेल तर सहसा दिसत नाही. तिथे गाठ झाली असेल, तर मात्र ती घोटाबरोबर वर सरकताना दिसते. म्हणूनच गळ्याची गाठ दाखवायला गेलेल्या माणसाला डॉक्टर आधी पाणी प्यायला सांगतात!

या अवयवाचे नाव अवटू ग्रंथी. घरातली मोठी माणसे तिला ‘थायरॉईड’ म्हणतात. तिचा आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा असतो आणि वजन सुमारे वीस ग्रॅम, म्हणजे चार-पाच चहाचे चमचे साखरेइतके. रक्तातील आयोडीन वेचून घ्यायचे आणि त्यापासून संप्रेरक तयार करायचे, हे तिचे काम. शरीराची भट्टी किती वेगाने पेटती ठेवायची, ते या संप्रेरकावर ठरते.

या ग्रंथीत गाठी होणे ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. त्यातल्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. थोड्या मात्र कर्करोगाच्या निघतात, आणि त्यांतही सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे पॅपिलरी कर्करोग. तो बहुधा फार सावकाश वाढतो आणि त्यावर उपचार झालेली बहुतेक माणसे आपले पूर्ण आयुष्य जगतात. पण त्याला एक खोड आहे. तो गळ्यातील लसीका ग्रंथींमध्ये शिरतो. शिरला आहे की नाही, हे शस्त्रक्रियेपूर्वी सांगता येईल का? या एका प्रश्नाभोवती हा लेख आहे.

तुम्ही म्हणाल, पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने या भानगडीत का पडावे? त्याचे कारण सांगतो.

एक भेट

२०२३ च्या जून महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी आईला घेऊन घरी आली. बी.एस्‌सी. झाल्यावर तिने बी.एड. पुरे केले होते, वय तेवीस. शाळेत शिकवायचे, हे तिने पहिल्या वर्षापासून ठरवलेले. तिने पिशवीतून कागद काढून माझ्यासमोर ठेवले. अवटू ग्रंथीच्या डाव्या भागात १६ मिलिमीटरची गाठ. सुईने काढलेल्या पेशी पॅपिलरी कर्करोगाच्या. आणि सोनोग्राफीच्या अहवालात शेवटची ओळ : मानेत संशयास्पद लसीका ग्रंथी आढळल्या नाहीत.

“सर, आढळल्या नाहीत म्हणजे पसरलेला नाही, असंच ना?” तिने विचारले. “मग डॉक्टर का म्हणाले, की तरीही पसरलेला असण्याची शक्यता आहे? शंभरातल्या अमुक इतक्यांना असतो म्हणाले. पण मी शंभर जणी नाही, मी एकटीच आहे. माझ्या गळ्यात आहे की नाही?”

डॉक्टरांनी तिच्यापुढे दोन मार्ग ठेवले होते. पहिला, गाठ असलेला अवटूचा अर्धा भाग तेवढा काढायचा. दुसरा, त्याबरोबर श्वासनलिकेशेजारच्या लसीका ग्रंथीही खबरदारी म्हणून काढून टाकायच्या. दुसऱ्या मार्गात आवाजाला धोका थोडा अधिक होता. आवाज बसलेल्या बाईंना कोण शाळेत घेणार, ही तिची धास्ती. “सर, हिला नीट समजावून सांगा,” आई म्हणाली.

मी डॉक्टर नाही, तेव्हा काय करावे ते मी सांगणार नाही, हे मी प्रथमच स्पष्ट केले. पण अहवालातील त्या ओळीचा अर्थ काय होतो आणि काय होत नाही, एवढे मला सांगता येण्यासारखे होते. त्या संध्याकाळी जे बोलणे झाले, तेच आता तुमच्यापुढे मांडतो.

अवधाण म्हणजे काय?

पायाला काटा लागून जखम चिघळली की जांघेत दुखरी गाठ येते. आजी म्हणते, ‘अवधाण आले.’ काटा पायात आणि गाठ जांघेत, हे कसे? ही सुजलेली गाठ म्हणजेच लसीका ग्रंथी.

आपल्या रक्तवाहिन्यांतून थोडा द्रव सतत बाहेर पाझरत असतो. तो पेशींच्या मधल्या फटींतून फिरतो आणि बारीक बारीक वाहिन्यांमधून गोळा होऊन पुन्हा रक्तात येतो. हा द्रव म्हणजे लसीका. दिवसाकाठी दोन-चार लिटर लसीका अशी परत येते. तिला ढकलायला हृदयासारखा पंप नाही. स्नायूंची हालचाल, वाहिन्यांचे स्वतःचे आकुंचन आणि उलट वाहू न देणाऱ्या झडपा यांवर तिचे काम चालते. वाटेत ठिकठिकाणी घेवड्याच्या बीसारख्या आकाराच्या ग्रंथी असतात. त्या म्हणजे लसीकेच्या वाटेवरचे जकातनाके. आलेला जंतू तिथे अडवला जातो, त्याच्याशी झुंज होते आणि नाका सुजतो. हेच अवधाण.

शरीरात अशा ग्रंथी काही शे आहेत आणि त्यांतला बराच मोठा वाटा एकट्या मानेत आहे. अवटूची लसीका सामान्यतः प्रथम श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंच्या लहान ग्रंथींत जाते आणि मग मानेच्या कडेच्या मोठ्या शिरेलगतच्या ग्रंथींत. गाठीतून सुटलेली एखादी कर्करोगपेशी याच वाटेने निघते आणि नाक्यावर अडकते. बहुतेक अशा पेशी तिथेच मरतात. एखादी तग धरते, दुभंगते, एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात. यालाच आपण ‘लसीका ग्रंथींत प्रसार’ म्हणतो.

पॅपिलरी कर्करोगात हा प्रसार किती वेळा आढळतो? काढलेल्या ग्रंथी नेहमीच्या पद्धतीने सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तर निरनिराळ्या पाहण्यांत शंभर रुग्णांपैकी वीस ते पन्नास जणांत पेशी सापडल्या आहेत. फारच बारकाईने शोधले, तर हा आकडा आणखी बराच वर जातो. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. तो पुढे उपयोगी पडणार आहे.

ध्वनीचे डोळे

आता आपल्या विषयाकडे, म्हणजे ध्वनीकडे येऊ. आपल्या कानाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. गळ्याच्या सोनोग्राफीत वापरतात तो ध्वनी सेकंदाला एक कोटीच्या आसपास कंपनांचा असतो. तो त्वचेतून आत जातो, दोन निरनिराळ्या ऊतींच्या सीमेवर त्याचा काही भाग परावर्तित होतो आणि त्या प्रतिध्वनीपासून चित्र तयार होते. मऊ ऊतींत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो. दोन सेंटिमीटर खोल गेलेला ध्वनी जाऊन परत यायला किती वेळ लागेल, ते तुम्हीच काढा. उत्तर सेकंदाच्या सुमारे सव्वीस दशलक्षांश भागाइतके येईल.

कंप्रता एक कोटी वीस लाख धरली, तर तरंगलांबी किती? १५४० ला १,२०,००,००० ने भागा. साधारण ०.१३ मिलिमीटर येते. तरंगलांबीहून बारीक तपशील या चित्रात उमटत नाही. मग कंप्रता आणखी का वाढवू नये? कारण कंप्रता जितकी जास्त, तितका ध्वनी लवकर शोषला जातो. पोटाच्या तपासणीला खोलवर जायचे असते, म्हणून तिथे तीस ते पन्नास लाख कंपनांवर समाधान मानावे लागते. अवटू त्वचेखाली अगदी जवळ आहे, म्हणून इथे बारीक पाहण्याची चैन परवडते.

या चित्रात निरोगी लसीका ग्रंथी लांबट दिसते आणि तिच्या मध्यभागी, जिथून रक्तवाहिन्या आत शिरतात तिथे, एक उजळ पट्टा असतो. कर्करोग शिरलेली ग्रंथी पुष्कळदा गोल होते, तो पट्टा नाहीसा होतो, कॅल्शियमचे बारीक कण चमकतात, कधी आत पाण्याचे कप्पे दिसतात, तर कधी रक्तप्रवाह मध्याऐवजी कडेने वाहताना आढळतो. अशी ग्रंथी दिसली, की बारीक सुईने तिच्यातल्या पेशी काढून पाहतात. इथे एक छान युक्ती आहे. ती सुई पाण्यासारख्या द्रावणात धुवून त्यात थायरोग्लोब्युलिन नावाचे प्रथिन आहे का, ते मोजतात. हे प्रथिन फक्त अवटूच्या पेशीच बनवतात. ते लसीका ग्रंथीत भरपूर सापडले, तर अवटूच्या पेशी तिथे मुक्कामाला आल्या आहेत, हे उघड झाले.

पण दिसलीच नाही तर? अडचण इथेच आहे. पहिली अडचण जागेची. श्वासनलिकेत हवा असते आणि मऊ ऊतीतून हवेत जाताना ध्वनी जवळजवळ सगळाच परत फिरतो. त्यामुळे नलिकेमागचे काही दिसत नाही. नेमक्या ज्या ग्रंथींत प्रसार प्रथम होतो, त्या नलिकेला लागून, अवटूच्या आडोशाला आणि खाली छातीच्या हाडाकडे असतात. दुसरी अडचण आकाराची. एक मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यात काही लाख कर्करोगपेशी मावतात. त्याने चार मिलिमीटरच्या ग्रंथीचा आकारही बदलत नाही आणि चमकही. ध्वनीला तिथे वेगळे असे काही जाणवतच नाही.

“मग किरणोत्सर्गी आयोडीन देऊन बघता येत नाही का?” तिने विचारले. वर्गात शिकवलेले ती विसरली नव्हती. आयोडीन-१३१ या समस्थानिकाचा शोध १९३८ मध्ये अमेरिकेत बर्कली येथे जॉन लिव्हिंगूड आणि ग्लेन सीबोर्ग यांनी लावला. त्याचा अर्धायुकाल आठ दिवसांचा. अवटूच्या पेशी ते आवडीने उचलतात आणि त्यातून निघणारे गॅमा किरण बाहेरून टिपता येतात. १९४० च्या दशकात त्याचा उपचारासाठी उपयोग सुरू झाला. आपल्याकडे मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण वैद्यक केंद्र १९६३ पासून या कामात आहे. पण शस्त्रक्रियेपूर्वी ही युक्ती चालत नाही. अवटू ग्रंथी जाग्यावर असते तोवर बहुतेक आयोडीन तीच गिळते, आणि कर्करोगपेशींची आयोडीनची भूक निरोगी पेशींहून कमीच असते. पौर्णिमेच्या चंद्राशेजारचा अंधुक तारा जसा दिसत नाही, तसेच हे. चंद्र मावळल्यावर, म्हणजे सगळी ग्रंथी काढल्यावरच, तो तारा शोधता येतो.

शंभर चिंचोके

तेव्हा ‘दिसले नाही’ म्हणजे ‘नाही’ असे नव्हे. मग त्या अहवालाला काही किंमत आहे की नाही? मी घरातून चिंचोक्यांचा डबा मागवला. तुम्हीही घ्या.

शंभर चिंचोके मोजा. एकेक चिंचोका म्हणजे एकेक रुग्ण. समजा, यांतल्या तिसांना प्रसार झालेला आहे. त्या तीस चिंचोक्यांच्या पोटाखाली खडूची खूण करा, म्हणजे वरून ती दिसणार नाही. आता समजा आपली सोनोग्राफी प्रसार झालेल्यांपैकी निम्म्यांना ओळखते आणि प्रसार नसलेल्या दहांपैकी एकावर चुकून संशय घेते. (हे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत, खऱ्या तपासणीत ते यंत्र, जागा आणि तपासणाऱ्याचा हात यांवर बदलतात.)

खुणेच्या तिसांपैकी पंधरा बाजूला काढा. बिनखुणेच्या सत्तरांपैकी सात काढा. हा बावीसांचा ढीग म्हणजे ‘संशयास्पद’. उरलेला अठ्ठ्याहत्तरांचा ढीग म्हणजे ‘काही आढळले नाही’.

बावीसांच्या ढिगात खुणेचे किती? पंधरा, म्हणजे शंभरात ६८. अठ्ठ्याहत्तरांच्या ढिगात खुणेचे किती? तिथेही पंधरा, म्हणजे शंभरात १९. तपासणीपूर्वी प्रत्येकाची शक्यता शंभरात ३० होती. तपासणीने कोणालाही ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे सांगितले नाही. तिने फक्त आकडा हलवला. काहींचा ६८ वर नेला आणि काहींचा १९ वर आणला.

आता गंमत पहा. पुन्हा शंभर चिंचोके घ्या, पण या वेळी खुणेचे फक्त दहा. तपासणी तीच. दहांपैकी पाच आणि नव्वदांपैकी नऊ, असे चौदा संशयास्पद. त्यांत खुणेचे पाच. म्हणजे शंभरात ३६. उरलेल्या शहाऐंशीत खुणेचे पाच. म्हणजे शंभरात सुमारे ६. तेच यंत्र, तोच अहवाल, आणि अर्थ मात्र वेगळा! अहवालाचा अर्थ तपासणीपूर्वी तुम्ही कोणत्या ढिगात होता, यावरही ठरतो. हे गणित इंग्लंडमधील टॉमस बेझ या धर्मोपदेशकाने मांडले आणि त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

मग रुग्ण कोणत्या ढिगातला, हे कसे ठरवायचे? त्यासाठी पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या पुष्कळ रुग्णांच्या नोंदी पाहतात. त्यांवरून असे दिसते, की वय कमी असेल, रुग्ण पुरुष असेल, गाठ मोठी असेल, ती ग्रंथीचे आवरण फोडून बाहेर आली असेल किंवा एकाऐवजी अनेक गाठी असतील, तर प्रसाराची शक्यता वाढते. या प्रत्येक गोष्टीला योग्य तेवढे गुण देऊन बेरीज करायची आणि बेरजेवरून शक्यता काढायची, असे तक्ते अनेक ठिकाणी तयार झाले आहेत. अलीकडे संगणकाला हजारो सोनोग्राफी चित्रे दाखवून, माणसाच्या नजरेला न जाणवणाऱ्या पोतातील फरकांवरून हे काम करवून घेण्याचेही प्रयत्न चालू आहेत.

घोकंपट्टी करणारे यंत्र

मात्र इथे एका धोक्याची सूचना द्यायला हवी, आणि ती तुम्हाला चांगली कळेल. समजा, एखाद्या मुलाने गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका उत्तरांसकट पाठ केल्या. त्याच प्रश्नपत्रिका दिल्या, तर त्याला शंभरपैकी शंभर गुण मिळतील. नवी दिली की तो गडबडेल. त्याने विषय शिकलेला नाही, कागद शिकला आहे. संगणकही हेच करू शकतो. ज्या रुग्णालयाच्या चित्रांवर तो शिकला, त्या रुग्णालयाच्या यंत्राच्या खाणाखुणाच तो पाठ करून बसतो.

म्हणून अशा कोणत्याही अंदाजाला दोन प्रश्न विचारावेत. पहिला, पूर्वी न पाहिलेल्या, दुसऱ्या गावच्या रुग्णांवर तो पडताळून पाहिला आहे का? दुसरा, ज्यांना त्याने ‘शंभरात वीस’ असे सांगितले, त्यांच्यापैकी खरोखरच पाचांत एकाला प्रसार निघाला का? दुसरा प्रश्न नीट वाचा. ‘शंभरात वीस’ असे सांगितलेल्या एका रुग्णात प्रसार निघाला, म्हणून अंदाज खोटा ठरत नाही. अशा सगळ्यांची मोजदाद केल्यावर मेळ बसतो की नाही, हीच त्याची कसोटी.

दोन चुका

“पण सर, शंका आहे तर सगळंच काढून टाकलेलं काय वाईट?” आईने विचारले. प्रश्न रास्त होता. पुन्हा चिंचोक्यांकडे वळू. अठ्ठ्याहत्तरांच्या ढिगातल्या सगळ्यांच्याच ग्रंथी काढल्या, तर पंधरा जणांच्या प्रसार झालेल्या ग्रंथी निघतील, पण त्रेसष्ट जणांच्या ग्रंथी विनाकारण निघतील. त्याची किंमत काय?

श्वासनलिकेच्या दोन्ही कडांनी स्वरयंत्राकडे जाणारा एकेक बारीक मज्जातंतू असतो. तो दुखावला तर आवाज घोगरा होतो, कधी कायमचा. अवटूच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, परावटू ग्रंथी असतात. त्या रक्तातील कॅल्शियम सांभाळतात. त्यांचा रक्तपुरवठा तुटला तर कॅल्शियम घसरते, बोटांना मुंग्या येतात, पेटके येतात आणि काहींना जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात. लसीका ग्रंथी काढायच्या, तर याच दोघांच्या आसपास जास्त हात घालावा लागतो. अनुभवी शल्यविशारदाच्या हातून हे अपाय कमी होतात, पण शून्य होत नाहीत.

उलट बाजूची चूक म्हणजे प्रसार झालेली ग्रंथी आत राहणे. ती पुढे वाढली, तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, आणि एकदा व्रण पडलेल्या जागी दुसऱ्यांदा काम करणे अवघड असते.

तेव्हा नुसता आकडा कळून भागत नाही. कोणत्या चुकीची किंमत किती, हेही तोलावे लागते. आणि इथेच पॅपिलरी कर्करोगाची सर्वांत चमत्कारिक गोष्ट समोर येते. प्रसाराची शक्यता तरुणांत जास्त असते, हे आपण पाहिले. पण त्या प्रसाराने जिवाला होणारा धोका तरुणांतच फार कमी असतो. कर्करोगाचे टप्पे ठरवण्याची जी आंतरराष्ट्रीय पद्धत २०१८ पासून वापरात आली, तिच्यात ५५ वर्षांखालील रुग्णाच्या लसीका ग्रंथींत पेशी सापडल्या, तरी फुप्फुस किंवा हाडे अशा दूरच्या अवयवांत त्या नसतील, तर तो पहिलाच टप्पा मानतात. वय त्याहून जास्त असेल, तर त्याच प्रसाराला अधिक वजन दिले जाते.

म्हणजे ‘प्रसार झाला आहे का?’ आणि ‘प्रसाराने नुकसान होईल का?’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर मिळाले, की दुसऱ्याचे मिळालेच असे आपण धरून चालतो. तिथेच फसतो.

कोबे शहरातील प्रयोग

हे वेगळेपण जपानमधील कोबे शहराने जगाला दाखवून दिले. तिथल्या कुमा हॉस्पिटलात डॉ. अकिरा मियाउची यांनी १९९३ मध्ये एक धाडसी सूचना मांडली : एक सेंटिमीटर किंवा त्याहून लहान पॅपिलरी गाठींवर ताबडतोब शस्त्रक्रिया न करता, रुग्णाची संमती असल्यास, ठरावीक काळाने सोनोग्राफी करून नुसते लक्ष ठेवावे. ज्यांच्या लसीका ग्रंथींत प्रसार आधीच दिसत होता किंवा ज्यांची गाठ मज्जातंतूला वा श्वासनलिकेला चिकटलेली वाटत होती, त्यांना अर्थातच यातून वगळले.

कर्करोग आहे हे ठाऊक असून थांबायचे, हे ऐकून तुम्ही दचकला असाल. पण त्यामागे विचार होता. इतर कारणांनी मृत्यू पावलेल्या माणसांच्या अवटू ग्रंथी बारकाईने तपासल्या, की त्यांत अशा इवल्या गाठी पुष्कळ सापडतात. फिनलंडमध्ये १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १०१ शवविच्छेदनांपैकी ३६ मध्ये त्या सापडल्या होत्या. ही माणसे त्या गाठी घेऊन जगली होती. त्यांना पत्ताही नव्हता.

कोबेच्या वैद्यांनी २०१४ मध्ये १२३५ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला. दहा वर्षांत लसीका ग्रंथींत नव्याने दिसण्याजोगा प्रसार झाला तो शंभरात चारांहूनही कमी जणांत. नेमका आकडा ३.८. तोही वयस्कांपेक्षा तरुणांत अधिक. अशांवर मग शस्त्रक्रिया झाली. त्या १२३५ रुग्णांपैकी अवटूच्या कर्करोगाने एकही दगावला नाही.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा आठवा. अशा लहान गाठींच्या रुग्णांतही ग्रंथी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर कर्करोगाचे कण शंभरात चारांहून कितीतरी अधिक जणांत सापडतात. मग कोबेत ते गेले कुठे? कुठेही गेले नाहीत. त्यांतले बहुतेक तिथेच होते, पण वाढले नाहीत. जमिनीत पडलेले प्रत्येक बी रुजते असे थोडेच आहे? बी शोधणे सोपे होत चालले आहे. कोणते रुजेल, हे ओळखणे अजून अवघड आहे. आजचे संशोधन त्याच दिशेने चालले आहे.

माझ्या विद्यार्थिनीची गाठ १६ मिलिमीटरची होती, म्हणून थांबण्याचा मार्ग तिला लागू नव्हता. पण कोबेच्या आकड्यांनी तिला एक गोष्ट पटली. दृष्टीआड एखादा कण राहिला, तर तो उद्याच जिवावर उठेल असे नाही. त्याच्यावर पाळत ठेवायला वेळ मिळतो.

पुढे काय झाले?

डॉक्टरांशी पुन्हा सविस्तर बोलून तिने पहिला मार्ग निवडला. ऑगस्ट २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. अवटूचा डावा भाग काढला. त्याला चिकटून आलेल्या तीन लहान लसीका ग्रंथीही प्रयोगशाळेत गेल्या. दहा दिवसांनी तिचा फोन आला. आवाज खणखणीत होता, पण सूर उतरलेला.

“सर, एका ग्रंथीत निघालं. एक मिलिमीटरचा ठिपका. म्हणजे आपला अंदाज चुकला ना?”

“आपण शंभरातले एकोणीस म्हटलं होतं, शून्य नाही,” मी म्हणालो. “त्या एकोणिसांतला एक चिंचोका तू निघालीस. चिंचोका चुकीचा नाही आणि हिशेबही चुकीचा नाही. डॉक्टर काय म्हणाले?”

डॉक्टर म्हणाले होते, एवढ्या बारीक ठिपक्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया नको. ठरल्या वेळी तपासणीला येत जा. ती जाते. दर वेळी जाण्यापूर्वी दोन दिवस तिला झोप लागत नाही, हेही तिने मला सांगितले आहे. ते कोणत्याच तक्त्यात नसते, पण खरे असते. मधल्या काळात ती एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवू लागली आहे आणि शेवटच्या बाकापर्यंत तिचा आवाज पोहोचतो.

मित्रांनो, ‘मी एकटीच आहे’ हे तिचे म्हणणे खरेच होते. शक्यतेचा आकडा समुदायाचा असतो आणि निर्णय मात्र एकाच गळ्याचा करायचा असतो. या दोहोंमधली दरी कोणतेही यंत्र पूर्ण बुजवू शकत नाही. पण आकडा कशाचा आहे, तो कोणत्या ढिगातून आला आहे आणि चुकलो तर काय गमवावे लागेल, हे तीन प्रश्न विचारता आले, तर माणूस आंधळेपणाने निर्णय करत नाही. गळ्यात गाठ लागली, तर घाबरू नका आणि लपवूही नका. घरच्यांना सांगून डॉक्टरांना दाखवा.

आणि हो, चिंचोके लगेच डब्यात टाकू नका. आता शंभरांपैकी पन्नासांवर खूण करा, तपासणी तीच ठेवा आणि दोन्ही ढिगांचा हिशेब काढा. ‘काही आढळले नाही’ या ढिगात शंभरात किती खुणेचे निघतात? उत्तर मिळाले, की तशाच अहवालाचा कागद हातात घेतलेल्या माणसाला तुम्ही काय सांगाल, ते स्वतःच्या शब्दांत चार ओळींत लिहून पहा.